अल्पभूधारकांच्या दुधाळ गाईंचे संतुलित पोषण : उपलब्ध चाऱ्याचे नियोजन

प्रस्तावना :
पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात दोन-तीन संकरित गाई पाळणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यास दूध हे रोख उत्पन्नाचे नियमित साधन आहे. दूध उत्पादनाच्या एकूण खर्चापैकी साधारणतः ६० ते ७० टक्के खर्च आहारावर होतो. तरीही अनेक गाई क्षमतेइतके दूध देत नाहीत. चाराटंचाई हे त्याचे एक कारण आहेच. परंतु उपलब्ध चारा असंतुलित प्रमाणात दिला जाणे, हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कारणाचा विचार केला आहे.

वाढ्यांवरील अवलंबन :
ऊसतोडणीच्या हंगामात उसाचे वाढे मुबलक मिळतात. हिरवा चारा तो पौष्टिकच, या समजुतीने कित्येक ठिकाणी प्रामुख्याने वाढेच घातले जातात. वस्तुतः वाढ्यांत प्रथिने कमी असतात. शिवाय त्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमशी संयोग पावते व ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. मग दुधासाठी लागणारे कॅल्शियम हाडांतून घेतले जाते. परिणामी जनावर अशक्त होते, दूध घटते, गाभण राहण्यास विलंब लागतो व भाकड काळ लांबतो. पोट भरलेले असूनही गाय उपाशी राहते, ती अशी.

आहाराचे गणित :
दुभत्या गाईस दररोज वजनाच्या सुमारे ३ ते ३.५ टक्के शुष्क पदार्थ लागतात. ४०० किलो वजनाच्या व १० लिटर दूध देणाऱ्या गाईचा आहार पुढीलप्रमाणे ठरविता येतो :
१) हिरवा चारा २० किलो, त्यात मका वा संकरित नेपिअर गवताबरोबर लसूणघासासारखा द्विदल चारा असावा.
२) ज्वारीच्या कडब्याची कुट्टी ५ किलो.
३) पशुखाद्य शरीरपोषणासाठी १.५ किलो व प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हणजे एकूण ५.५ किलो.
४) खनिज मिश्रण सुमारे ५० ग्रॅम व मुबलक स्वच्छ पाणी.
यातून सुमारे १३.५ किलो शुष्क पदार्थ मिळतात. वाढे द्यावयाचेच असल्यास हिरव्या चाऱ्याचा एक भाग म्हणून, चुन्याची निवळी शिंपडून द्यावेत. कुट्टीमुळे चाऱ्याची नासाडी टळते, तर पावसाळी मक्याचा मुरघास उन्हाळ्यात उपयोगी पडतो.

समारोप :
राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात गावातीलच प्रशिक्षित व्यक्तींमार्फत संतुलित आहाराचा सल्ला गोठ्यापर्यंत पोहोचविला. ग्रामीण महाविद्यालयांनाही हे कार्य करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी गोठ्यातील चारा वजन करून नोंदवावा व दुधाच्या नोंदीशी ताडून पाहावा. शेतकरी चारा टोपलीने मोजतो. त्याच्या हाती तराजू आला, तर आहे त्याच चाऱ्याचा अधिक लाभ त्याच्या पदरी पडेल.