कडबा, पेंड आणि युरिया : जनावरांच्या पोटातील नत्राचा प्रवास

आबिड्समधील ग्राहक चहा घेताना कडब्याचा विचार करीत नाही. पण हैदराबाद परिसरातील गोठ्यांचे अर्थकारण बरेचसे ज्वारीच्या कडब्यावर चालत आले आहे. ब्लुमेल व राव यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या शहरातील बाजारात अधिक पचणाऱ्या कडब्याला अधिक भाव मिळत असल्याचे दिसून आले. प्रयोगशाळा नसतानाही व्यापाऱ्याची नजर पचनीयता ओळखते, ही लक्षणीय बाब होय.

तरीही कडब्यात प्रथिने जेमतेम ३ ते ५ टक्के असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नत्र हवे असते. चाऱ्यातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांखाली गेली की त्यांचे काम मंदावते, मग भरल्या पोटीही जनावर उपाशीच राहते.

येथे पूरक नत्राचे प्रकार महत्त्वाचे ठरतात. भुईमुगाची पेंड कोठीपोटात लवकर विघटित होते. सरकीच्या पेंडीतील प्रथिनांचा तुलनेने मोठा भाग तेथून निसटून पुढे लहान आतड्यात पचतो. युरिया हे तर प्रथिनच नव्हे. त्यात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे हिशेबाने १०० ग्रॅम युरिया २८८ ग्रॅम प्रथिनांइतका. परंतु हा हिशेब कागदावरचा. युरियाचा अमोनिया झपाट्याने होतो. त्याच वेळी मळी किंवा धान्याच्या भरड्यातून ऊर्जा मिळाली, तरच सूक्ष्मजीव त्यापासून स्वतःची प्रथिने बनवतात व तीच पुढे जनावर पचवते. ऊर्जा नसेल तर अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा पुन्हा युरिया करते आणि पैसा मूत्रावाटे वाहून जातो. मात्रा फार झाली तर काही तासांतच जनावर दगावते. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने ते एका वर्षाचे उत्पन्न असू शकते.

म्हणून एकूण कोरड्या आहाराच्या १ टक्क्यापेक्षा अधिक युरिया देऊ नये, सवय हळूहळू लावावी, आणि पिण्याच्या पाण्यात तो कधीही विरघळवू नये. सहा महिन्यांखालील वासरांना तर तो देऊच नये, त्यांचे कोठीपोट पूर्ण विकसित झालेले नसते.

त्यापेक्षा भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर प्रक्रिया करणे अधिक सुरक्षित. १०० किलो काडावर ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात व ढीग दाबून तीन आठवडे हवाबंद ठेवतात. खाऊ घालण्यापूर्वी काड थोडा वेळ पसरून ठेवतात, म्हणजे अमोनियाचा उग्र वास उडून जातो.