सर्पदंशाची सूज : कोप नव्हे, विकरांचे काम

जुन्नर-आंबेगावच्या ऊस आणि टोमॅटोच्या शेतांत राबणारे आपलेच लोक आहेत. घोणस चावल्यावर पाय सुजतो, तो देवीचा कोप नव्हे.

आपल्या शरीरातील काही विकरे (एन्झाइम) प्रथिनांना फॉस्फेट जोडून दाह सुरू करतात. काही तो फॉस्फेट काढून दाह शमवतात. घोणसच्या विषातील विकरे मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील प्रथिनेच तोडतात. म्हणून सूज वाढत जाते.

त्यावर मंत्र चालत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या ४ सापांच्या विषावर प्रतिविष आहे. पाय करकचून बांधू नका, जखम कापू नका, हालचाल टाळून तडक सरकारी रुग्णालय गाठा. तथागतांनी कारण शोधायला शिकवले. आपण ते वस्तीवस्तीत सांगूया. जय भीम!