मोठा नळ आणि वरची तोटी

हृदयविकाराच्या झटक्यानंतर तुंबलेली रोहिणी डॉक्टर फुग्याने व जाळीने मोकळी करतात, आणि मालक म्हणतो, आता कामावर या! पण मंडळी, चाळीचा मोठा नळ साफ झाला म्हणून वरच्या मजल्यावरच्या तोटीला पाणी येतेच असे नाही. श्रमाच्या वेळी निरोगी हृदयाचा रक्तपुरवठा तिपटी-चौपटीने वाढतो. त्यासाठी केसासारख्या बारीक वाहिन्या सैलावतात. तसा हुकूम बऱ्याच अंशी त्यांचे आतले अस्तर देते, नायट्रिक ऑक्साइड वायूच्या रूपाने. या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक लाभले. झटक्यात गुठळीचे कण याच वाहिन्यांत अडकतात, आणि मधुमेहातील वाढलेल्या साखरेने अस्तर आधीच दुबळे झालेले असते. बसल्या जागी पुरणारे रक्त जिना चढताना अपुरे पडते. शिवाय मज्जातंतू बधिरल्याने छातीत कळ येईलच असेही नाही. अशा कामगारासाठी हलके काम मागताना आम्ही नुसता जाळीचा दाखला पुढे करीत नाही. चालताना दम किती लागतो, हे डॉक्टरांकडून लिहून घेतो.