लोणारच्या पाऊलवाटा

बुलढाणा जिल्ह्यातील मनुष्य परगावी भेटला आणि त्याला गाव विचारले, तर गावाचे नाव घेण्यापूर्वी आपण घाटावरचे की घाटाखालचे एवढे तो पुष्कळदा सांगून टाकतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या काळ्याभोर खोऱ्यापर्यंत आणि तेथून अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीपर्यंत पसरलेले जळगाव जामोद, संग्रामपूर, मलकापूर, नांदुरा, मोताळा, शेगाव आणि खामगाव हे तालुके घाटाखालचे. आणि त्या डोंगराची कड चढून गेल्यावर लागणारे बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर आणि लोणार हे घाटावरचे. वऱ्हाडच्या सुभ्याचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग दफ्तरांतून धरले जात, त्या काळापासून ही विभागणी लोकांच्या बोलण्यात मुरलेली आहे. आणि मोताळ्याकडून येणारा राजूरचा घाट किंवा खामगावकडून येणारा बोथ्याचा घाट चढून जो कोणी बुलढाण्याच्या थंड वाऱ्यात पोहोचतो, त्याला ती एका क्षणात पटते.

या घाटाच्या उतारावरच ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला, गळ्यात संदेश देणारा पट्टा बांधलेला एक तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणाचे कित्येक जिल्हे, शेते, नाले आणि हमरस्ते ओलांडीत २०१९ च्या डिसेंबरात याच ज्ञानगंगेत येऊन स्थिरावला, आणि त्याची एकंदर वाटचाल सुमारे ३,००० किलोमीटरांची भरली, ही हकीकत पुढे जगभर वाचली गेली. परंतु वाघाला जी वाट मोकळी आहे ती मनुष्याला नाही, आणि नसावी हेच योग्य. ज्याला सकाळी निघून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या पायांनी डोंगर, अरण्य, पाणी, देवालये आणि पृथ्वीचा प्राचीन इतिहास एकाच फेरीत अनुभवावयाचा आहे, त्याने घाटावरच आणखी पुढे, मेहकरच्या दक्षिणेस, लोणारला जावे.

लोणारच्या वाटेवर डोंगराची चाहूल लागत नाही. ज्वारी, कपाशी, तूर, सोयाबीन यांची शेते आणि मधूनमधून एखादे टेकाड, असा तो सपाट मुलूख आहे. आणि गावाच्या कडेला जमीन वीस-तीस मीटर सौम्यपणे उंचावते व तिच्या माथ्यावर पाऊल ठेवताच एकाएकी पुढे काहीच उरत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे एक वर्तुळ पायाखाली उघडते. त्याच्या तळाशी, दीडशे मीटरांच्या आसपास खोल, हिरवट पाण्याचे सरोवर असते आणि पाण्याभोवती अरण्याचे कडे असते. येथील डोंगर आकाशाकडे न जाता पाताळाकडे गेलेला आहे. काठावरच्या एखाद्या कठड्याशी उभे राहून, छायाचित्र काढून आणि पाव तासात मोटारीत बसून परतणाऱ्या प्रवाशांची संख्या फार मोठी आहे, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून हळहळ वाटते. कारण वरून दिसते ती केवळ लोणारची आकृती असते, आणि त्याचा सारा अर्थ खाली जाणाऱ्या पाऊलवाटांच्या दोहो बाजूंस मांडून ठेवलेला आहे.

युरोपातील आल्प्स पर्वताच्या कुशीत झेरमाट, ग्रिंडेलवाल्ड यांसारखी जी खेडी आहेत, त्यांची कीर्ती जितकी त्यांच्या शिखरांवर तितकीच त्यांच्या पायवाटांवर उभी आहे. स्वित्झर्लंडात गावाच्या चौकातच पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात, आणि त्यांवर पुढचे ठिकाण किती अंतरावर आहे हे न लिहिता तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल हे लिहिलेले असते; डोंगरी वाटेवर दगडांवर पांढरे-तांबडे-पांढरे पट्टे रंगविलेले असतात, म्हणजे परक्या मुलखातील म्हातारा मनुष्यही निर्धास्तपणे दिवसभर हिंडून संध्याकाळी गावात परत येतो. चढाच्या मुलखात कोस मोजून उपयोग नसतो, घटका मोजाव्या लागतात, हे त्या लोकांनी ओळखलेले आहे. लोणारला तर हा हिशेब अधिकच जपून करावा लागतो. आल्प्समधील पांथस्थ सकाळच्या ताज्या दमाने वर चढतो आणि थकल्यावर उतरतो, तर येथे सकाळी उतरण असते आणि सारी चढण भर उन्हाच्या, थकलेल्या प्रहरासाठी शिल्लक राहते. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस निवडावेत, सूर्य वर येण्याच्या सुमारास निघावे, पाणी आणि दशमीची शिदोरी बरोबर घ्यावी, आणि जून ते सप्टेंबर या काळात निसरड्या उतारावर धाडस करू नये.

मुख्य उतरण ईशान्येकडील धारातीर्थापासून होते. येथे गोमुखातून बारमाही गोड पाण्याची धार पडते. भाविक तिच्याखाली स्नान करतात आणि भोवती जुन्या दगडी देवळ्यांची दाटी आहे. ही धार केवळ तीर्थ नव्हे; विवराच्या या एका बाजूने वाहत जाणाऱ्या पाण्यानेच कड्यात घळ पाडली, खाली गाळाचा पंखा पसरला, आणि मनुष्याला तळाशी जाण्यास वाट करून दिली. पायऱ्या संपून मुरमाड वाट सुरू झाली की डाव्या-उजव्या हातच्या कड्याकडे लक्ष द्यावे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने आपले दख्खनचे पठार घडविले, त्याचे सहा थर या भिंतीत एकावर एक दिसतात. दोन थरांच्या मध्ये कोठे तांबड्या, कोठे हिरवट मातीची रेघ असते, म्हणजे एक थर निवाल्यावर दुसरा येईपर्यंत जेवढा काळ लोटला त्याची ती निशाणी होय. पठारावर इतरत्र हे थर आडवे पसरलेले असतात. येथे मात्र काठाजवळ ते उचलले जाऊन विवरापासून बाहेरच्या दिशेला कललेले आहेत, आणि कोणत्या प्रचंड आघाताने हे घडले असावे हा प्रश्न त्या कलण्याकडे पाहूनच मनात उभा राहतो.

शास्त्रज्ञांनाही तो प्रश्न फार काळ सुटला नव्हता. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, आणि पुढे शतकाहून अधिक काळ हे ज्वालामुखीचे मुख असावे असेच बहुतेकांनी मानले. पुढे तळाच्या गाळात छिद्रे घेऊन खोलवरचे खडक बाहेर काढण्यात आले आणि त्यांत केवळ उल्केच्या आघातानेच उत्पन्न होऊ शकतील अशा काचेच्या व चिरडलेल्या खडकाच्या खुणा सापडल्या. १९७३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाल्यावर हे विवर आघाताचे आहे हे मान्य झाले. त्याच्या वयाविषयी मात्र अद्यापि एकवाक्यता नाही. काचेच्या कणांच्या परीक्षेवरून एका पक्षाने ते सुमारे ५२,००० वर्षांचे ठरविले, तर २०११ साली आर्गॉन वायूच्या मोजणीवरून दुसऱ्या पक्षाने सुमारे ५,७०,००० वर्षांचे सांगितले, आणि या दोहोंतील अंतर दहापटींहून अधिक आहे. बसाल्टाच्या खडकात इतक्या सुस्थितीत राहिलेले आघातविवर पृथ्वीवर विरळाच. चंद्राचे मैदानी भाग आणि मंगळाचे पृष्ठ बसाल्टाचेच असल्यामुळे तेथील विवरांचा अभ्यास करणारे विद्वान सातासमुद्रांपलीकडून मेहकर तालुक्याशेजारच्या या गावी येतात, याचा अभिमान घाटावरच्या प्रत्येक शाळेत मुलांना वाटावयास हवा.

तळाशी पोहोचल्यावर हवा बदलते. कडूनिंब, साग, चिंच, सीताफळ यांच्या सावलीत वाट शिरते. मोरांचा केकारव, वानरांची झाडाझाडांतून चाललेली उठाठेव आणि एखाद्या घोरपडीची सळसळ एवढेच ऐकू येते. २००० साली हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यापूर्वी या तळात शेतीही होत असे. विलायती बाभळीने मध्यंतरी येथे जे आक्रमण केले होते ते काढून टाकण्याचे काम वनखात्याने हाती घेतले, आणि ते चिकाटीने पुरे व्हावे, कारण ती बाभूळ जेथे माजते तेथे देशी झाडाचे रोप तग धरीत नाही.

मग अरण्य विरळ होते आणि पाण्याचा वास येतो. तो गंधकासारखा, तीव्र असतो. वरची धार गोड, तळातील रामगयेचा झरा गोड, आणि चार पावलांवरचे सरोवर मात्र इतके क्षारयुक्त की त्याची अल्कता साध्या पाण्याच्या कित्येकपट आहे. सरोवराला बाहेर पडण्यास वाटच नाही. झरे आणि पाऊस खडकांतील सोडा विरघळवून आत आणतात, सूर्य केवळ पाणी नेतो, आणि क्षार युगानुयुगे मागे साचत राहतो. अकबराच्या काळी हा परगणा मेहकरच्या सरकारात मोडत असे, आणि काच व साबण यांस लागणारी द्रव्ये या डोंगरात मिळतात अशी नोंद आइन-ए-अकबरीत झालेली आहे. पुढेही दीर्घकाळ हा खार काढण्याचे मक्ते दिले जात, आणि पापडी, भुसकी, डल्ला अशी त्याच्या प्रतींची निरनिराळी नावे व्यापाऱ्यांच्या तोंडी असत. मासा ज्यात सहसा जगत नाही अशा या पाण्यात सूक्ष्म शेवाळाची आणि जिवाणूंची मात्र मोठी सृष्टी नांदते. २०२० च्या जूनमध्ये सारे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष काढला. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा लोणारला मिळाला. महाराष्ट्रात हा मान त्यापूर्वी केवळ नांदूर मधमेश्वरला लाभलेला होता.

काठाकाठाने जाणारी वाट चार किलोमीटरांहून फारशी अधिक नाही, परंतु चिखल, झुडपे आणि पाण्याचा चढउतार यांमुळे ती प्रत्येक ऋतूत निराळी होते. तेव्हा जेथे पाऊल रुतू लागेल तेथे हट्ट न धरता वरच्या झाडीतून वळसा घ्यावा आणि वाट जाणणारा स्थानिक मनुष्य बरोबर असावा. वाघ महादेव, मोर महादेव अशी लहान-मोठी यादवकालीन देवालये झाडीत एकामागून एक भेटतात. काहींची शिखरे ढासळली आहेत, काहींच्या चौकटीवरील कोरीवकाम अजून धारदार आहे. दक्षिण काठावर कमळजा देवी आहे. तिच्यासमोर सासू-सुनेची विहीर आहे, आणि तिच्या एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारट असते, असे गावकरी सांगतात. सरोवर भरलेले असले की ती विहीर पाण्याखाली असते. नवरात्रात येथे यात्रा भरते. डोक्यावर पूजेचे ताट आणि कडेवर मूल घेऊन खडा उतार उतरणाऱ्या आणि तितक्याच सहजतेने तो चढून जाणाऱ्या बायका त्या दिवसांत ज्याने पाहिल्या, त्याला या वाटा शोधण्यासाठी कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाची आवश्यकता वाटणार नाही; पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेनेच त्या मळलेल्या आहेत.

दुसरा दिवस काठासाठी राखून ठेवावा. विवराच्या माथ्यावरून पुरी प्रदक्षिणा सुमारे सहा किलोमीटरांची होते, आणि आघाताने बाहेर फेकले गेलेले मोठमोठे दगड अजूनही वाटेवर आडवे येतात. गावाबाहेर अंबर तळे नावाचा एक लहान खळगा आहे. मुख्य उल्केचाच एखादा तुकडा तेथे पडला असावा असे काही विद्वानांचे मत आहे, इतरांना ते मान्य नाही. त्याच्याजवळच आडव्या पडलेल्या मोठ्या मारुतीचे स्थान आहे. पायांना विश्रांती हवी असेल तेव्हा गावातील दैत्यसूदनाच्या देवालयात जावे. लोणासुराचा विष्णूने वध केला या पौराणिक कथेला वाहिलेले हे हेमाडपंती देऊळ ताराकृती जोत्यावर उभे आहे, आणि त्याच्या बाह्यभिंतींवरील मूर्तींची गर्दी व छतावरील कथाप्रसंग यांत एक अख्खी दुपार खर्ची पडली तरी ती अपुरीच वाटते. माझ्या मते वऱ्हाडातील शिल्पकलेचा हा सर्वोत्कृष्ट नमुना होय.

एवढे सारे असताना या वाटांना दिशा दाखविणारी पाटी क्वचितच दिसते, धारातीर्थावरून खाली पाण्यापर्यंत किती वेळ लागतो आणि वर येण्यास किती लागतो हे परक्याला कोणी लिहून सांगत नाही, हे खटकते. यासाठी मोठा खर्च नको, कड्यावर लोखंडी बांधकामे तर मुळीच नकोत; दगडांवर रंगाच्या चार खुणा, मुख्य वळणांवर वेळ सांगणारे फलक, आणि गावच्या तरुणांना वाटाड्याचे रीतसर शिक्षण व परवाने दिले तर आज पाव तासात परतणारा प्रवासी येथे दोन दिवस राहील, आणि त्याच्या जेवणाखाण्याचा पैसा गावातच राहील. पायी चालण्याची परंपरा या मुलखाला शिकवावी लागत नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेड राजा, लोणार, मेहकर याच मार्गाने जाते, आणि शेकडो वारकऱ्यांची व्यवस्था लावण्याची सवय येथील घराघरांना आहे. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेल्यामुळे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगराकडून येणारा मनुष्य आता न्याहारी करून निघतो आणि दुपारच्या उन्हात काठावर येऊन उभा राहतो. त्याने आदल्या संध्याकाळीच यावे आणि मुक्काम गावात करावा, म्हणजे सकाळच्या गारव्यात उतरून दुपारच्या आत, अंगात दम असतानाच, धारातीर्थाची चढण त्याला संपविता येईल.