शिलारस व ज्वालामुखीचा उद्रेक

शिलारस म्हणजे भूपृष्ठाखाली तयार होणारा, वितळलेल्या खडकाचा तप्त रस. त्यात द्रवाबरोबर घन स्फटिक व विरघळलेले वायूही असतात. हा रस भूपृष्ठावर आल्यावर त्यातील बरेचसे वायू निघून जातात. तेव्हा त्यास लाव्हा असे म्हणतात. शिलारस, वायू व राख भूकवचातील भेगांवाटे किंवा नळीवाटे बाहेर पडण्याच्या क्रियेस ज्वालामुखीचा उद्रेक म्हणतात.

शिलारसाची निर्मिती

भूकवच वितळलेल्या खडकाच्या समुद्रावर तरंगत आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. भूकवचाखालील प्रावरण जवळजवळ संपूर्णपणे घन आहे. ते अतिशय तप्त असले, तरी वरील खडकांच्या प्रचंड दाबामुळे वितळत नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रवरूप आहे; परंतु शिलारस तेथून येत नाही.

खडक मुख्यतः तीन कारणांनी वितळतो.

१. दाब घटणे : महासागरांच्या तळाशी जेथे भूपट्ट परस्परांपासून दूर सरकतात, तेथे खालचे प्रावरण वर येते. दाब कमी झाल्याने त्याचा काही अंश वितळतो.
२. पाण्याचा शिरकाव : एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो, तेव्हा त्याच्यातील पाणी वरच्या प्रावरणात मिसळते व खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. जपान, इंडोनेशिया व अँडीज पर्वतातील ज्वालामुखी या प्रकारचे आहेत.
३. उष्णता मिळणे : खालून आलेल्या शिलारसाच्या उष्णतेने भोवतालचे भूकवच वितळते.

शिलारस सभोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि अनेकदा वाटेत, काही किलोमीटर खोलीवर, साठून राहतो. या साठ्यास शिलारसकोठी म्हणतात.

उद्रेकाचे स्वरूप

उद्रेक शांत होईल की स्फोटक, हे मुख्यत्वे शिलारसातील सिलिका व वायू यांवर अवलंबून असते. सोड्याची बाटली उघडताच दाब कमी होऊन बुडबुडे उसळतात. त्याचप्रमाणे शिलारस वर येताना त्यात विरघळलेली वाफ व कार्बन डायऑक्साइड यांचे बुडबुडे होतात. बेसाल्टी शिलारसात सिलिका सुमारे ५० टक्के असते व तो पातळ असतो. त्यातून वायू सहज निसटतात आणि लाव्हा वाहू लागतो. हवाई बेटांवरील किलाउआचे बहुतेक उद्रेक असे आहेत. सिलिकाचे प्रमाण वाढले की रस दाट होतो, वायू कोंडतात व अखेर रसाच्या ठिकऱ्या उडून राख आणि प्युमिस दगड तयार होतात. तप्त राख व वायू यांचे लोट उतारावरून वेगाने धावतात. त्यांच्यापासून पळून बचाव करणे अशक्यप्राय असते.

पूर्वसूचना

शिलारस वर सरकताना लहान भूकंप होतात, जमीन फुगते व सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन बदलते. या खुणांवरून धोक्याची सूचना देता येते. मात्र ती लोकांपर्यंत पोहोचून त्यानुसार कृती होणे आवश्यक असते. कोलंबियातील नेव्हादो देल रुईझच्या धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या सुमारे महिनाभर आधी तयार झाला होता. तरीही १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री आर्मेरो शहर रिकामे करण्यात आले नाही. शिखरावरील बर्फ वितळून निघालेले चिखलाचे लोंढे दोन तासांहून अधिक काळाने तेथे पोहोचले व सुमारे २३,००० लोक मृत्युमुखी पडले. याउलट फिलिपाईन्समधील पिनाटुबोच्या १५ जून १९९१ च्या महाउद्रेकापूर्वी हजारो लोकांना हलविल्याने मोठी प्राणहानी टळली. तेथील बऱ्याच मृत्यूंना पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली कोसळलेली छपरे कारणीभूत ठरली.

भारतातील ज्वालामुखीक्रिया

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून वाहिलेल्या बेसाल्टी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. सह्याद्रीच्या कड्यांवरील पायऱ्यांसारखी रचना या थरांमुळेच दिसते. अजिंठा व वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. लोणार सरोवर बेसाल्टात असले, तरी ते ज्वालामुखीचे मुख नसून उल्कापाताने झालेले विवर आहे. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे.