२८ गोळ्यांचे दिवस

रात्रीचे साडेतीन वाजले होते. अपघाताच्या पेशंटला सलाइन लावलं, सुई टाकायला वळले आणि ती माझ्याच बोटात शिरली. ग्लोव्हच्या आत रक्ताचा ठिपका दिसला. तेव्हा माझा मुलगा नऊ महिन्यांचा होता, अंगावर पीत होता.

अशा वेळी बोट पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुतलं आणि तशीच कॅज्युअल्टीत गेले. पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पहिली गोळी दोन तासांच्या आत पोटात गेली. ७२ तास उलटले की ही औषधं सुरूच करत नाहीत, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नसतं.

पुढे २८ दिवस गोळ्या. डॉक्टरांनी अंगावर पाजणं थांबवायला सांगितलं. बाळ रात्र रात्र रडायचं आणि सासूबाई काही न विचारता वाटी-चमच्यानं दूध पाजत बसायच्या. नवऱ्याला मीच सगळं सांगितलं. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली, तीही निगेटिव्ह.

खरं तर बाधित रक्ताच्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. ब प्रकारच्या काविळीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात ६ ते ३०. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. घरात दाढीच्या ब्लेडवरून, टूथब्रशवरूनही पसरू शकतो. आणि तिच्यावर चांगली लस आहे! सहा महिन्यांत तीन डोस, मग महिना-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजायची. ती किमान १० mIU/mL हवीत. आम्हा नर्सेसमधल्या कितीजणी हे शेवटचं मोजमाप करतात?

मला टोचली ती सुई निदान माझ्या हातातली होती. सफाई करणाऱ्या मावशींना टोचते ती आम्ही टाकलेली. सुई पांढऱ्या जाड डब्यातच जायला हवी, पुन्हा टोपण लावायचं नाही, हे आम्हाला पाठ असतं. तरी मागच्या पावसाळ्यात आमच्या कंत्राटी मावशींना कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून सुई टोचली. त्यांचा काविळीच्या लसीचा एकच डोस झालेला. मग वॉर्ड बदलला आणि पुढचे राहूनच गेले.

‘‘सिस्टर, घरी लेक बाळंतपणाला आलीय. तिच्या बाळाला काही होईल का हो?’’

मी त्यांचा हात नळाखाली धरला आणि साबण मागवला.