फासच्या मशिदीत अम्मींची शंका

मोरोक्कोतल्या फेस शहराला अरबी-उर्दूत फास म्हणतात. बाब बू जलूद ही वेस बाहेरून निळी, आतून हिरवी. आत शिरलं की मोटार नाही, रिक्षा नाही; फक्त माणसं, हातगाड्या आणि ओझी वाहणारी गाढवं, खेचरं. मागून ‘बालक! बालक!’ अशी आरोळी आली. आम्हाला वाटलं, कुणाचं मूल हरवलं! अर्थ होता, ‘सांभाळा, वाट द्या.’

शुवारा या चामडं कमावण्याच्या जागी दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतात. वास तसाच जबर आहे. गच्चीवरून रंगांचे हौद पाहिले आणि लवकरच खाली उतरलो.

मगरिबला करवीन मशिदीत गेलो. इथल्या बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, त्यामुळे बाकीचे पर्यटक दारातूनच अंगण पाहत होते. इ.स. ८५९ मध्ये कैरवानहून आलेल्या फातिमा अल-फिहरी यांनी वारशात मिळालेल्या पैशातून ही मशीद उभारली, असं सांगतात. पुढे इथेच मोठं विद्यापीठ झालं. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणारे आपल्याकडचे भाऊ आठवले. पण ते असो.

नमाज सुरू झाली. शेजारच्या बाया हात न बांधता, मोकळे सोडून उभ्या होत्या. हा मालिकी रिवाज आम्हाला माहीत होता. पण इमामसाहेबांनी सूरह फातिहात ‘मालिकि’ऐवजी ‘मलिकि यौमिद्दीन’ म्हटलं आणि सलाम फेरताच अम्मी कुजबुजल्या, “इमाम चुकले. आपली नमाज झाली का?”

आम्ही समजावलं, आपल्याकडे हफ्स यांची रिवायत, इकडे वर्श यांची, दोन्ही सही. एकीत मालिक म्हणजे धनी, दुसरीत मलिक म्हणजे बादशहा. अम्मींना पटलं नाही. मुक्कामी येऊन त्यांनी तीन रकात पुन्हा पढल्या.

सकाळी एका पुस्तकाच्या दुकानात मगरिबी लिपीतला कुरआन मिळाला. त्यात ‘फे’चा नुक्ता खाली आणि ‘काफ’वर एकच नुक्ता! अम्मींनी चष्मा लावून फातिहा काढली, ‘मीम’वर बोट ठेवलं. आपल्याकडचा खडा जबर तिथे नव्हता. बराच वेळ बोट तिथून हललं नाही.

त्या संध्याकाळी अम्मी आमच्याआधी वुजू करून तयार होत्या. परतल्यावर मुसल्ला काही त्यांनी मागितला नाही.